फ्लेमप्रूफ बॉक्सला सिलिकॉन लावलं म्हणून बोलणी खाल्ली. पण माझं चुकलं काय?

नवा पाना | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मेंटेनन्सला लागून सहा महिने झाले. सॉल्व्हंटच्या पंपाजवळ एक फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्स आहे. ओतीव ॲल्युमिनियमचा, झाकणाला आठ बोल्ट. मागच्या आठवड्यात परमिट काढून, वीज तोडून तो उघडला, तर आत पाण्याचे थेंब आणि टर्मिनलवर हिरवट थर. साफ केलं, वाळवलं. झाकण लावताना बघतो तर त्याला गॅस्केटच नाही! धातूवर धातू. मला वाटलं आधी कुणीतरी काढून फेकली असणार. मग मी शहाणपणा केला. झाकणाच्या तोंडावर चारी बाजूंनी सिलिकॉन सीलंटची चांगली जाड रेघ ओढली आणि बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या वायरमन काकांना कडेनं बाहेर आलेलं सिलिकॉन दिसलं आणि त्यांनी सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली. "बॉक्सचा बॉम्ब करून ठेवलास," म्हणाले. का ते विचारलं तर "आधी खरवड, मग सांगतो". खरवडून झालं, पण सांगायचं राहिलं ते राहिलंच.

गॅस आत शिरू नये म्हणूनच तर एवढा जाडजूड बॉक्स असतो ना? मग तो नीट सील केला तर बिघडलं कुठे? जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

गंजका बोल्ट | सोमवार, रात्री ११:०५

काकांचा राग योग्य, शिकवायची पद्धत मात्र राहू द्या.

तुमच्या प्रश्नातच मेख आहे. "गॅस आत शिरू नये म्हणून" हेच मुळात खरं नाही. फ्लेमप्रूफ बॉक्स बनवणारा माणूस असं धरून चालतो की गॅस आत जाणारच. आज ना उद्या आतल्या हवेत तो पेट घेण्याइतका साचणार, त्याच वेळी आत कॉन्टॅक्टची ठिणगी पडणार आणि आत स्फोट होणार. हे सगळं होऊ द्यायचं. फक्त त्या स्फोटानं बाहेरचा गॅस पेटता कामा नये. बॉक्स बनवायचा तो एवढ्यासाठी.

गॅस आत जातो कसा? बॉक्स श्वास घेतो. चालू असताना आतली हवा तापते, फुगते, झाकणाच्या फटीतून, आट्यांमधून थोडी बाहेर जाते. बंद केला की गार होतो, आतली हवा आकसते आणि बाहेर जे असेल ते आत ओढलं जातं. बाहेर दमट हवा असेल तर दमट हवा, सॉल्व्हंटची वाफ असेल तर वाफ. तुम्हाला दिसलेले थेंब ग्लँडमधून (केबल आत घ्यायच्या जोडातून) आले असतील किंवा याच वाटेनं. जिथून पाणी येतं तिथून वाफ येत नाही असं कसं म्हणणार?

आता आत भडका उडाला. नेहमीच्या सॉल्व्हंटची वाफ हवेत नेमक्या प्रमाणात मिसळून बंद डब्यात पेटली की दाब साधारण आठपट होतो. बॉक्सचं पहिलं काम, हा दाब न फाटता, न वाकता सोसायचा. म्हणून त्या जाड भिंती. तपासणीत आधी बॉक्समध्ये खरोखर मिश्रण पेटवून दाब मोजतात, आणि नेहमीची रीत म्हणजे त्याच्या दीडपट दाब देऊन बॉक्स टिकतो का ते पाहतात.

दुसरं काम जास्त नाजूक. पेटलेला गॅस त्या दाबानं झाकणाच्या फटीतून बाहेर घुसणारच. पण ती फट मिलीमीटरच्या दशांशांत मोजावी इतकी अरुंद असते, आणि आतून बाहेर यायची वाट मात्र त्या मानानं लांब. साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. दोन्ही बाजूंना थंड धातू. त्या वाटेनं सरकताना ज्योतीची उष्णता धातू ओढून घेतो, ज्योत विझते. बाहेर येतो तो गरम वायूचा झोत, आणि तोही बाहेरच्या गार हवेत इतक्या झपाट्यानं मिसळतो की तिथला गॅस पेट घेण्याआधी स्वतःच गार होतो. या वाटेलाच आपण फ्लेम पाथ म्हणतो.

म्हणजे तुम्हाला जी "गॅस्केट नसलेली जागा" वाटली, तो बॉक्सचा सगळ्यात महत्त्वाचा भाग होता.

शंकासुर | सोमवार, रात्री ११:३१

मस्त प्रतिसाद. म्हणजे ती फट कुकरच्या शिट्टीसारखी झाली. दाब हळूहळू बाहेर सोडायला ठेवलेली. सिलिकॉननं ती बुजली, म्हणून बॉक्स फुटला असता. बरोबर?

गंजका बोल्ट | सोमवार, रात्री ११:४४

नाही! बरं झालं विचारलंत, हा गैरसमज वीस-वीस वर्षं काम केलेल्यांच्या डोक्यातही असतो.

फट मुद्दाम ठेवलेली नसते. दोन तोंडं जितकी चिकटून बसतील तितकी चांगली. शून्य फट मिळाली तर कुणाचीच तक्रार नाही. मर्यादा फक्त वरची असते, याहून मोठी नको. दाब सोसायचं काम भिंतीचं आणि बोल्टचं आहे, फटीचं नाही. स्फोट काही मिलिसेकंदांत उरकतो, तेवढ्यात केसाएवढ्या फटीतून जाऊन जाऊन किती जाणार?

सिलिकॉनचं दुखणं वेगळं आहे. ते घट्ट होतं आणि दोन तोंडांच्या मध्ये थर म्हणून बसतं. किती जाड? कुणालाच माहीत नाही. एका कोपऱ्यात ०.०५, दुसऱ्यात अर्धा मिमी. धातू धातूला टेकतच नाही. आत स्फोट झाला की तो मऊ थर झोताबरोबर उडून जातो आणि मागे राहते मोठी फट. ज्योत तिथून सरळ बाहेर. बॉक्सची चाचणी धातूवर धातू अशी झालेली, तुम्ही लावलेल्या सिलिकॉनसकट कुणीही केलेली नाही. प्रमाणपत्र तिथेच संपलं.

शिवाय खालचा गंज दिसत नाही. आणि ते काढायला माणूस पातं घेऊन बसतो, तोंडावर ओरखडे पाडतो. (नवा पाना, काकांनी खरवडायला सांगितलं तेव्हा कशानं खरवडलंत?)

नवा पाना | मंगळवार, सकाळी ७:२०

स्क्रू ड्रायव्हरनं. 🙈

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८:०२

अरे देवा.

मग आता तो बॉक्स पुन्हा उघडावा लागणार. रागावू नका, आम्ही सगळ्यांनी हे कधी ना कधी केलंय. मी कसं करतो ते लिहितो, पुस्तकातलं नाही, हातातलं.

आधी वीज तोडायची, कुलूप-टॅग लावायचं, मीटरनं खात्री करायची. पाटीवर "वीज तोडल्यावर इतकी मिनिटं थांबा" असं लिहिलं असेल तर घड्याळ लावून थांबायचं. आत कपॅसिटर असतो किंवा तापलेला भाग असतो, म्हणून ती वेळ दिलेली असते. बोल्ट आडवे-तिडवे सैल करायचे. झाकण अडकलं तर फटीत पातं घालून उचकटायचं नाही. पुष्कळ झाकणांना त्यासाठीच आट्यांचं जादा भोक असतं, त्यात बोल्ट आवळला की झाकण आपोआप उचलतं. झाकण काढलं की तोंड वर करून ठेवायचं, जमिनीवर पालथं कधीच नाही. वाळूचा एक कण त्या तोंडाला पुरतो.

तोंड साफ करायचं ते सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या चिंधीनं आणि फार तर प्लॅस्टिकच्या पट्टीनं. पॉलिश पेपर नाही, वायर ब्रश नाही, फाईल तर नाहीच. मग बोटाचं नख तोंडावरून आडवं फिरवा. आतून बाहेर जाणाऱ्या ओरखड्यात नख अडकलं तर थांबा. तो ओरखडा म्हणजे ज्योतीला दिलेली पन्हळ. कडेला समांतर बारीक रेघ असेल तर तिचं एवढं नाही, पण तेही तुम्ही-मी ठरवायचं नाही, उत्पादकाला किंवा अशा दुरुस्तीची परवानगी असलेल्या वर्कशॉपला विचारायचं.

नंतर उत्पादकानं सांगितलेलं न सुकणारं ग्रीस, अगदी पातळ बोट. गंज नको आणि पाणी नको, एवढ्यापुरतं. रंग अजिबात नको. रंगाऱ्यांनी शटडाऊनमध्ये झाकण उघडं असताना तोंडावरही ब्रश फिरवलेला मी पाहिलाय, दोन थर.

बोल्ट पुन्हा आडवे-तिडवे, टॉर्क रेंचनं, पाटीवर किंवा पुस्तिकेत असेल तेवढेच. शेवटी फिलर गेज, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पानं. कमाल फटीएवढं पान कडेनं कुठेही आत जाता कामा नये. गेलं तर बॉक्स सेवेत परत नाही.

नवा पाना | मंगळवार, दुपारी १:१५

दंडवत. नख फिरवून बघायचं हे डोक्यात बसलं. एक बारीक शंका: आठपैकी एका बोल्टचे आटे गेलेत, सात घट्ट आहेत. चालेल ना? सात पण भरपूर वाटतात.

गंजका बोल्ट | मंगळवार, दुपारी १:५०

हिशेब करू. झाकण ३०० गुणिले ३०० मिमी धरा. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ७ बार जास्त. ०.०९ चौरस मीटरवर ७ बार म्हणजे ६३ किलोन्यूटन. जवळजवळ साडेसहा टन वजन आतून झाकणाला ढकलतंय. आठ बोल्टांत वाटलं तर प्रत्येकावर आठशे किलो.

सात बोल्टांनी कदाचित झाकण उडणार नाही. पण जिथे बोल्ट नाही तिथे झाकण किंचित वाकेल, आणि आपला सगळा खेळ दशांश मिलीमीटरचा आहे. फट नेमकी तिथेच उघडेल. म्हणून एकही बोल्ट कमी चालत नाही. आणि बोल्ट त्याच दर्जाचा हवा. डोक्यावरचे आकडे वाचा. पेटीत मिळाला तो तसाच दिसणारा मऊ स्टीलचा बोल्ट घातला तर दिसायला आठ, ताकदीला साडेसात.

गेलेले आटे एक साइज मोठा टॅप मारून ठीक करू, असं कुणी सुचवेल. ऐकू नका. भोक पाडणं, आटे वाढवणं, ग्लँडसाठी नवीन वाट काढणं, यातलं काहीही साइटवर केलं की बॉक्स फ्लेमप्रूफ राहत नाही. पाटी तेवढी फ्लेमप्रूफ राहते.

कोळशाची वखार | मंगळवार, रात्री ९:१८

अवांतर वाटेल, पण हे तंत्र विजेच्या बॉक्सपेक्षा पुष्कळ जुनं आहे. १८१२ साली इंग्लंडमधल्या फेलिंग खाणीत स्फोट होऊन ९२ माणसं गेली. खाणीत मिथेन, हातात उघड्या ज्योतीचा दिवा. १८१५ साली हम्फ्री डेव्हीनं यावर प्रयोग केले. अरुंद नळीतून ज्योत पुढे सरकत नाही हे त्याला दिसलं, आणि नळ्या आखूड आणि अनेक केल्या की शेवटी तारेची जाळीच होते. त्यानं ज्योतीभोवती जाळी बसवली. गॅस जाळीतून आत येतो, आत जळतो, ज्योत बाहेर जात नाही. त्याच वर्षी जॉर्ज स्टीफन्सननंही (हो, रेल्वे इंजिनवाला) आपला वेगळा दिवा केला आणि श्रेय कुणाचं यावरून दोघांच्या बाजूच्या लोकांत चांगलीच जुंपली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाणीत विजेच्या मोटारी उतरल्या तेव्हा जर्मनीत कार्ल बाइलिंगनं हाच विचार धातूच्या रुंद तोंडांना लावला. आजचा फ्लेमप्रूफ बॉक्स त्याच घराण्यातला.

या धाग्याशी जोडलेली गोष्ट पुढे आहे. डेव्हीचा दिवा आल्यावर खाणीतले स्फोट थांबले नाहीत. दिवा आहे म्हणून मालक लोक पूर्वी सोडून दिलेल्या, गॅसनं भरलेल्या भागात माणसं पाठवू लागले. आणि जाळी गंजायची, फाटायची, लाल होईपर्यंत तापायची. एक तार तुटली की दिवा गेला. त्या काळचं सिलिकॉन काय असेल कोण जाणे. 😀

शंकासुर | मंगळवार, रात्री १०:०६

वखारवाले, वाचनखूण साठवली.

पण माझी गाडी पुन्हा तिथेच. आत स्फोट होऊ देऊन मग विझवायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? पूर्ण हवाबंदच करा ना. आयपी ६८ चे बॉक्स मिळतात की, पाण्याखाली चालतात.

मिलिॲम्पिअर | मंगळवार, रात्री १०:४०

इन्स्ट्रुमेंटवाला बोलतोय, गंजका बोल्ट यांची माफी मागून.

आयपीचा आकडा धूळ आणि पाणी यांच्यापुरता. आत मिश्रण पेटलं तर तो बॉक्स काय करेल याबद्दल आयपी ६८ चकार शब्द काढत नाही. आणि कायमचा हवाबंद ठेवायचा तर तो कधीच उघडायचा नाही, कारण एकदा उघडून लावला की पुन्हा तसाच हवाबंद झाला याची खात्री साइटवर कशी देणार? रबर म्हातारं होतं, चिरतं. त्यापेक्षा "गळतोच" असं धरून चालणं जास्त प्रामाणिक आहे.

पण तुमच्या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि तसे दुसरे मार्ग आहेतच. मोठ्या पॅनेलमध्ये आतून स्वच्छ हवेचा दाब ठेवतात, बाहेरच्यापेक्षा निदान ५० पास्कल जास्त. म्हणजे गळती झाली तर आतून बाहेर. सुरू करायच्या आधी आतल्या घनफळाच्या किमान पाचपट हवा सोडून ते धुऊन काढतात, दाब पडला की वीज तुटते किंवा भोंगा वाजतो. ठिणगी पडतच नाही अशा नुसत्या टर्मिनलच्या डब्यांना वाढीव सुरक्षेचा प्रकार, त्याला ईएक्स ई म्हणतात. जोड सैल होणार नाहीत, तापणार नाहीत, अंतरं जास्त.

आणि आमचा लाडका ईएक्स आय. यात बॉक्सवर भरवसाच नाही. तारेत ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की तार तुटली, शॉर्ट झाली तरी पडलेली ठिणगी गॅस पेटवू शकत नाही. मिथेन पेटवायला साधारण ०.२८ मिलिजूल लागतात, हायड्रोजनला जेमतेम ०.०२. या विचाराचं मूळही खाणीतच आहे. १४ ऑक्टोबर १९१३ ला वेल्समधल्या सेंघेनिड खाणीत स्फोट झाला, ४३९ खाणकामगार गेले. नक्की कारण शेवटपर्यंत ठरलं नाही, पण संशय विजेच्या घंटीच्या तारांवरही गेला. त्या उघड्या तारा असायच्या, एकमेकींना टेकवल्या की वर घंटा वाजायची. बॅटरी तर किरकोळ, मग ठिणगी पेटवते कशी, हे शोधताना कळलं की घंटीच्या वेटोळ्यात साठलेली ऊर्जा तार सुटताना बाहेर पडते. तिथून पुढे सर्किटच असं करायचं की ठिणगी निरुपद्रवी होईल, हा विचार रुजला.

पण ईएक्स आयवर ट्रान्समीटर चालतो, पंपाची मोटार नाही चालत. जिथे दम लागतो तिथे गंजक्या बोल्टांचंच राज्य.

जाता जाता नवा पाना, सिलिकॉनचं आणखी एक पाप आमच्या खात्यात येतं. तारेच्या मण्यावर गॅस जाळून मोजणारे डिटेक्टर असतात ना, त्यांना सिलिकॉनची वाफ विषासारखी. मण्यावर थर बसतो आणि डिटेक्टर आंधळा होतो. वर दाखवतो शून्य, म्हणजे आपण निवांत.

चष्मिष्ट | बुधवार, सकाळी ९:३३

पाटीवरचं कुणी वाचायला शिकवेल का? आमच्याकडे "ईएक्स डीबी टू-बी टी४ जीबी" लिहिलंय. मी आजवर तो मॉडेल नंबर समजत होते.

मिलिॲम्पिअर | बुधवार, सकाळी १०:१०

तुम्ही एकट्या नाही.

ईएक्स म्हणजे स्फोटक वातावरणासाठीचं उपकरण, डीबी म्हणजे फ्लेमप्रूफ, शेवटचं जीबी ही संरक्षणाची पातळी. टू-बी हा गॅसचा गट. तो ठरवतात कसा ते गमतीचं आहे. २० घन सेंटिमीटरची पोकळी, भोवती २५ मिमी रुंदीचं तोंड, आत मिश्रण पेटवायचं आणि फट बदलत जायचं. ज्या मोठ्यात मोठ्या फटीतून ज्योत बाहेरचं मिश्रण पेटवू शकत नाही ती त्या गॅसची फट. प्रोपेनची ०.९२ मिमी, एथिलीनची ०.६५, हायड्रोजनची ०.२९. साधारण ०.९ च्या वर टू-ए, ०.५ ते ०.९ टू-बी, ०.५ च्या खाली टू-सी. टू-सीचा बॉक्स टू-बीच्या जागी चालतो, उलटं नाही. प्रत्यक्ष बॉक्समधली फट अर्थातच या आकड्यांपेक्षा पुष्कळ कमी ठेवतात.

टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर तापणार नाही. टी१ ला ४५०, टी६ ला ८५. आणि इथे लोक हमखास फसतात. गट आणि तापमान यांचा एकमेकांशी संबंध नाही. हायड्रोजन ठिणगीला अतिशय हळवा, पण नुसत्या गरम पृष्ठभागावर पेटायला त्याला ५०० अंशांच्या वर लागतात, म्हणून टी१. कार्बन डायसल्फाइड मात्र शंभरच्याही आत पेटतं. ठिणगी नको, पाण्याच्या वाफेची, वर आवरण नसलेली गरम पाइपलाइन पुरते. त्याला टी६.

हे सगळं उणे २० ते ४० अंश हवामान धरून. वेगळं असेल तर पाटीवर लिहिलेलं असतं. प्रमाणपत्राच्या नंबरच्या शेवटी एक्स असेल तर प्रमाणपत्र उघडून वाचा, काहीतरी खास अट आहे.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ११:४५

पाटीवर रंग मारलेला असेल तर? (विचारतोय मित्रासाठी.)

मिलिॲम्पिअर | बुधवार, दुपारी १२:०१

मग तो बॉक्स कशासाठी चालतो हे कुणालाच माहीत नाही. मित्राला सांगा.

वाऱ्याची दिशा | बुधवार, रात्री ८:५२

मी प्रोसेसवाली, म्हणून जरा वेगळा सूर लावते. सगळे बॉक्सच्या प्रेमात पडलेत, पण बॉक्स ही शेवटची भिंत आहे. आधीचे प्रश्न असे: इथे गॅस येतोच का? आला तर किती वेळ राहतो? हे उपकरण इथेच का हवं? आम्ही झोन आखतो ते याचसाठी. शून्य म्हणजे वाफ कायम किंवा दीर्घकाळ, जसं टाकीच्या आत द्रवाच्या वर. एक म्हणजे नेहमीच्या कामात अधूनमधून. दोन म्हणजे सहसा नाही, आली तर थोडा वेळ. तुमचा फ्लेमप्रूफ बॉक्स झोन एक आणि दोनपुरता, शून्यात नाही. स्विच दहा मीटर लांब भिंतीपलीकडे नेता येत असेल तर फ्लेम पाथची कीर्तनं करायची गरजच काय?

आणि आखलेल्या झोनच्या बाहेर काय उभं आहे? २३ मार्च २००५, टेक्सास सिटीची रिफायनरी. युनिट सुरू करताना मनोरा गरजेपेक्षा जास्त भरला गेला, हायड्रोकार्बन उघड्या धुराड्यातून कारंज्यासारखे बाहेर पडले. ढग जमिनीलगत पसरला. तपासात पेटवणारी गोष्ट म्हणून बोट दाखवलं गेलं ते जवळच इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या डिझेल पिकअपकडे. १५ माणसं गेली, १८० जखमी. अशा ढगापुढे आपले सगळे बॉक्स शंभर टक्के बरोबर असून काय उपयोग?

गंजका बोल्ट | बुधवार, रात्री ९:३०

वाऱ्याची दिशा, सहमत, निम्मा. स्विच लांब नेता येतो, पंपाची मोटार नाही नेता येत. मोटारीत तर फ्लेम पाथ फिरता असतो, शाफ्ट आणि बेअरिंगच्या आतल्या टोपणामधली ती बारीक गोल फट. बेअरिंग झिजलं की शाफ्ट एका बाजूला बसतो, तिकडे घासतो, पलीकडे फट वाढते. म्हणून थरथरणारी फ्लेमप्रूफ मोटार "पुढच्या शटडाऊनला बघू" या यादीत टाकायची नाही.

आणि आखणीचा मुद्दा निघालाच आहे तर: बॉक्स बसवतानाही जागा बघा. तोंडाच्या फटीसमोर भिंत, पाइप, खांब असेल तर बाहेर पडणारा झोत तिथे अडतो, नीट मिसळत नाही आणि गार होत नाही. टू-ए ला १० मिमी, टू-बी ला ३०, टू-सी ला ४० मिमी मोकळी जागा लागते. नंतर कुणीतरी येऊन अगदी चिकटून केबल ट्रे मारतो. तो बॉक्सला हातही लावत नाही, आणि तरी बिघडवून जातो.

तांब्याची तार | गुरुवार, सकाळी ६:५५

ग्लँडचा विषय कुणीच काढला नाही! बॉक्स कितीही भारी असो, केबल जिथून आत शिरते तिथे भोकच आहे. ग्लँड फ्लेमप्रूफ, केबलच्या व्यासाला जुळणारा, आणि निदान पाच आटे पूर्ण बसलेले. केबलच्या आत तारांमध्ये पोकळी असेल तर ज्योत केबलमधूनच पुढच्या बॉक्सात जाऊ शकते. तिथे बॅरियर ग्लँड लागतो, ज्यात तारा मोकळ्या करून भोवती कंपाउंड भरतात. अमेरिकन पद्धतीत कंड्युट (तारा ओवायचा पाइप) असतो, तिथे बॉक्सपासून १८ इंचांच्या आत सीलिंग फिटिंग बसवून त्यात कंपाउंड ओततात. फिटिंग बसवलेलं, रंगवलेलं आणि आत कंपाउंडच ओतलेलं नाही, असे नग मी स्वतः उघडलेत.

न वापरलेल्या भोकाला माल आला तेव्हाची प्लॅस्टिकची टोपी तशीच ठेवलेली असते, हे तर रोजचंच. ती टोपी धुळीपासून वाचवायला असते. तिथे प्रमाणित धातूचा प्लग हवा.

दोन कप्प्यांच्या बॉक्सबद्दलही सावध. एका कप्प्यातला भडका दुसऱ्यातलं न पेटलेलं मिश्रण आधी दाबतो, मग ते पेटतं. आधीच दाबलेलं पेटल्यामुळे दाब आठपटीच्या खूप वर जातो. म्हणून आतली मांडणी बदलून मोठं उपकरण कोंबणं हा साधा बदल नाही.

चष्मिष्ट | गुरुवार, सकाळी ९:४०

धुळीच्या जागी हेच बॉक्स चालतात का? आमच्याकडे पावडर आहे, गॅस नाही.

तांब्याची तार | गुरुवार, सकाळी १०:२५

आपोआप नाही. धुळीसाठी खरोखरच धूळ आत जाऊ द्यायची नाही हेच तत्त्व, आणि वर पृष्ठभागाचं तापमान. म्हणजे नवा पाना यांची मूळ कल्पना तिथे बरीचशी बरोबर ठरली असती. पाटीवर धुळीचा वेगळा शिक्का असतो तो बघा. बॉक्सवर बसलेला थर झाडत राहा, तो पांघरुणासारखा उष्णता कोंडतो. ७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेतल्या जॉर्जियात साखर कारखान्यात साखरेच्या धुळीनं १४ माणसं मारली. पहिल्या धक्क्यानं तुळयांवर, जमिनीवर साठलेली धूळ उडाली आणि मग ती पेटत गेली.

नवा पाना | रविवार, रात्री ९:०८

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण परमिट आजच मिळालं.

बॉक्स उघडला. नख फिरवलं. तीन ओरखडे कडेला समांतर, एक मात्र सरळ आतून बाहेर, माझ्या स्क्रू ड्रायव्हरचाच. नख त्यात स्पष्ट अडकतं. आठवा बोल्ट काढला तर त्याच्या डोक्यावर आकडाच नाही. म्हणजे माझ्याआधीही कुणीतरी शहाणं येऊन गेलं होतं. खालच्या न वापरलेल्या भोकाला लाल प्लॅस्टिकची टोपी, पाणी बहुतेक तिथूनच येत होतं. तांब्याची तार, तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर मला ती दिसलीही नसती.

काकांना बोलावून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. खिशातून फिलर गेज काढलं, ओरखड्याच्या जागी झाकण टेकवून बघितलं, मान हलवली आणि फीडर बंद ठेवून बॉक्स बदलायची नोंद स्वतः लिहिली. मग मला म्हणाले, "टोपीचं कुणी सांगितलं?"

तुमच्या सगळ्यांची नावं सांगितली. "गंजका बोल्ट" ऐकून हसले.

गंजका बोल्ट | रविवार, रात्री ९:२६

जुना बॉक्स भंगारात टाकायच्या आधी पाटी काढून घ्या आणि तोंड कापून टाका. नाहीतर दोन वर्षांनी तोच रंग मारून कुठल्या तरी पंपापाशी पुन्हा भेटेल.

नव्याला पाणी साचू नये म्हणून प्रमाणित ब्रीदर-ड्रेन मागवा. भोक कारखान्यातूनच पाडून येऊ दे.